कातळावरचा नकाशा

शिवनेरीचे सात दरवाजे चढताना माणसाचे लक्ष पायऱ्यांकडे असते, पुढे शिवाईच्या लेण्याकडे आणि शेवटी शिवजन्माच्या इमारतीकडे. ते तसेच असायला हवे. पण पावसाळा सरत आला की मी वाटेत थांबून गडाच्या उभ्या कड्याकडे बराच वेळ पाहतो. त्या कड्याच्या भेगांमधून एक मांसल खोडाची लहानशी वनस्पती खाली लोंबते. तिची फुले चांदणीच्या आकाराची, गडद तांबूस आणि त्यावर पिवळी नक्षी असलेली, जेमतेम बोटाच्या पेराएवढी. जुन्नरकडचे लोक तिला शिंदळमाकुडी म्हणतात. गुराखी तिची कोवळी खोडे मोडून तशीच खातात. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव फ्रेरिया इंडिका. अलीकडे शास्त्रज्ञ तिला बुसेरोशिया या वंशात घालतात, पण जुनेच नाव सगळ्यांच्या तोंडी आहे.

महाराष्ट्रातले मोजके कडे सोडले तर ही वनस्पती पृथ्वीवर कुठेही निसर्गतः वाढत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने एकदा जगातल्या सर्वाधिक संकटात असलेल्या बारा वनस्पतींची यादी केली, तेव्हा तिच्यात शिवनेरीच्या कड्यावरची ही माकुडी होती.

एखाद्या ठरावीक प्रदेशातच वाढणाऱ्या अशा वनस्पतींना प्रदेशनिष्ठ म्हणतात. शब्द चांगला आहे, त्यात निष्ठा आहे. सह्याद्रीत अशा प्रदेशनिष्ठ वनस्पती शेकड्यांनी आहेत. त्या नेमक्या कुठे आहेत, म्हणजे कोणत्या गडावर, कोणत्या पठारावर, कोणत्या सड्यावर, याचा नकाशा माणसांनी पायी हिंडून तयार केला. त्याला जवळजवळ पावणेदोनशे वर्षे लागली आणि तो अजून पुरा झालेला नाही.

सुरुवात एका टपाल अधिकाऱ्यापासून करावी लागते. जॉन ग्रॅहम हा मुंबई इलाख्याचा डेप्युटी पोस्टमास्टर जनरल. टपालाच्या कामातून वेळ काढून त्याने मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी करायला घेतली. यादी छापून पुरी होण्याआधीच, मे १८३९ मध्ये, तो खंडाळ्याला वारला. वय चौतिशीच्या आतबाहेर. उरलेले काम त्याचा मित्र जोसेफ निम्मो याने पूर्ण केले आणि त्याच वर्षी पुस्तक बाहेर पडले. ग्रॅहमने या पुस्तकात एका झाडाला आपल्या मित्राचे नाव देऊन ठेवले होते: एरिनोकार्पस निम्मोनाय. घाटात पावसाळ्याच्या शेवटी पिवळ्या फुलांनी भरून जाणारे, काटेरी फळांचे हे लहान झाड आपल्याकडे जंगली भेंडी म्हणून ओळखतात. त्याच्या वंशात ही एकच जात आहे आणि ती पश्चिम घाटाबाहेर नाही. खंडाळ्याच्या घाटातून सप्टेंबरमध्ये जाणाऱ्या प्रवाशाला गाडीतूनही ती दिसते. अर्धवट राहिलेले पुस्तक आणि ते पुरे करणारा मित्र, या दोघांची आठवण त्या झाडाच्या नावात आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

त्याच सुमारास पुण्याजवळ दापोडीला सरकारी बाग होती. त्या वेळचे इंग्रज तिला दापुरी लिहीत. गव्हर्नर माल्कमने १८२८ मध्ये ती सुरू केली. १८३८ पासून तिची व्यवस्था डॉ. अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश वैद्याकडे आली. गिब्सनचे दुसरे काम होते दख्खन आणि खानदेशात देवी टोचण्याचे. देवी टोचणारा माणूस ज्या गावांना जातो, त्या गावांना गव्हर्नर जात नाही. घोड्यावरून आणि पायी त्याने सगळा मुलूख पाहिला, मराठी शिकला आणि जुन्नरजवळ हिवरे येथे औषधी वनस्पतींची आणखी एक बाग उभी केली. दापोडीच्या बागेत त्याने फुलाफळांची चित्रे काढून घेतली. पावणेदोनशेच्या घरातली ही चित्रे आज एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. काढणाऱ्या चित्रकाराचे नाव मात्र कागदोपत्री उरलेले नाही.

गिब्सनने आणखी एक गोष्ट पाहिली. कोकणातल्या डोंगरउतारांवरचे साग आणि इतर झाडे जहाजबांधणीसाठी, सरपणासाठी तोडली जात होती आणि उघड्या पडलेल्या उतारांची माती खाली येऊन खाड्या उथळ होत होत्या. ज्या बंदरांत मोठी गलबते लागत, तिथे ती लागेनाशी झाली होती. हे त्याने सरकारला लिहून कळवले. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. ज्या वनखात्याची पायाभरणी त्याने केली, त्याच खात्याने पुढे ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या जंगलावरच्या जुन्या वहिवाटी आवळल्या. ही बाजू लपवून गिब्सनचे कौतुक करता येणार नाही.

गिब्सनच्या जोडीला आला निकोल अलेक्झांडर डाल्झेल. हाही स्कॉटिश, पण नोकरी जकात खात्यात. मीठ, अफू आणि जकातीच्या निमित्ताने त्याला कोकणपट्टीत आणि दक्षिणेकडे फिरावे लागे. जकात अधिकाऱ्याला बंदरे माहीत असतात आणि बंदराच्या मागे लगेच सडा असतो. कोकणातल्या माणसाला सडा म्हणजे काय ते सांगायला नको, पण घाटावरच्या वाचकासाठी सांगतो: समुद्रकिनाऱ्यापासून थोडे वर चढले की जांभ्या दगडाचे सपाट, उघडे माळ लागतात. उन्हाळ्यात तिथे अनवाणी पाय टेकवत नाही. पाऊस पडला की आठ-पंधरा दिवसांत तो काळा-तांबडा कातळ हिरवा होतो. डाल्झेलने हे सडे पावसात पाहिले. १८५० पासून हुकर या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नियतकालिकात त्याच्या पश्चिम भारतातल्या नव्या वनस्पतींची वर्णने येऊ लागली. रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवरची पांढरीशुभ्र दीपकाडी शास्त्राला त्यानेच ओळखून दिली आणि तिच्या शास्त्रीय नावात कोकण आणले. दीपकाडीचे फूल संध्याकाळी उमलते, अंधारात दरवळते आणि रात्री उडणारे मोठे पतंग तिच्याकडे येतात. दिवसा सड्यावरून गेलेल्या माणसाला तिची ओळखच होत नाही.

१८६१ मध्ये डाल्झेल आणि गिब्सन यांचे ‘बॉम्बे फ्लोरा’ भायखळ्याच्या छापखान्यातून बाहेर पडले. ते फार मोठे पुस्तक नाही, वर्णनेही त्रोटक आहेत. पण या इलाख्यात काय काय उगवते हे एका ठिकाणी सांगणारे ते पहिले खरे पुस्तक. पुण्याच्या टेकड्यांवरची बुटकी किरकुंडी या पुस्तकात पहिल्यांदा आली. ती फारशा ठिकाणी मिळतच नाही आणि त्यातल्या बऱ्याच टेकड्यांच्या पोटाशी आज इमारती आहेत.

आणि मग शिंदळमाकुडी. जुन्नरच्या डोंगरांत मिळालेली ही वनस्पती डाल्झेलसमोर आली, तेव्हा त्याला कळले की ही कोणत्याही ठाऊक वंशात बसत नाही. माकडशिंगीच्या कुळातल्या मांसल वनस्पतींना सहसा पाने नसतात, असली तर नावालाच. हिला मात्र चांगली रुंद पाने होती, ती उन्हाळ्यात गळत आणि पावसात पुन्हा येत. त्याने नवा वंश केला आणि त्याला तेव्हाचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचे नाव दिले. १८६४ च्या सुमारास लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात हे वर्णन छापले गेले. मुंबईचा कोट ज्याने पाडला त्या गव्हर्नरचे नाव शिवनेरीच्या कड्यावरच्या वनस्पतीला मिळाले.

ही वनस्पती कड्यावरून काढून आणली कोणी? डाल्झेल स्वतः दोर लावून उतरला असेल असे मला वाटत नाही. त्या डोंगरात महादेव कोळी आहेत, ठाकर आहेत, धनगर आहेत. कोणत्या भेगेत काय उगवते, कोणता कंद खावा आणि कोणता खाऊ नये, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. वनस्पतिसंग्रहालयातल्या जुन्या कागदांवर संग्राहकाचे नाव असते, तारीख असते, डोंगराचे नावही असते. वाट दाखवणाऱ्याचे नाव नसते. केरळात डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडे याने सतराव्या शतकात ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ केला तेव्हा निदान इतके झाले की रंगभट, विनायक पंडित आणि आप्पुभट या तीन कोकणी वैद्यांचे नागरी लिपीतले प्रमाणपत्र आणि इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याची साक्ष त्यात छापली गेली. मुंबई इलाख्याच्या कोणत्याही वनस्पतिग्रंथात असे पान नाही.

या डच ग्रंथाचा आपल्या गोष्टीशी आणखी एक धागा आहे. त्यातल्या एका वेलीचे चित्र पाहून लिनिअसने १७५३ मध्ये एका वंशाला सेरोपेजिया हे नाव दिले. ग्रीक भाषेतल्या मेणाच्या आणि कारंज्याच्या शब्दांवरून ते घडवले, कारण फुलांचा झुबका त्याला मेणबत्त्यांच्या झुंबरासारखा वाटला. मराठीत आपण या फुलांना कंदीलपुष्प म्हणतो. दोन्हीकडे दिवाच आठवावा, हे मला नेहमी सुखावते. सह्याद्रीच्या प्रदेशनिष्ठ वनस्पतींच्या नकाशात या वंशाच्या खुणा पुष्कळ आहेत.

कंदीलपुष्प एकदा जवळून पाहिलेला माणूस ते विसरत नाही. खाली फुगीर, वर निमुळती नळी आणि टोकाला पाच पाकळ्या एकमेकींना चिकटून झालेला लहानसा पिंजरा. वासाने ओढलेली चिलटासारखी माशी त्या पिंजऱ्यातून आत शिरते. नळीच्या आतले केस खालच्या दिशेने वळलेले असतात, म्हणून तिला खाली जाता येते, वर येता येत नाही. ती तळाच्या फुगीर भागात अडकून धडपडते आणि परागांचे पुंजके तिच्या मुखांगांना चिकटतात. काही काळाने केस सुकून गळतात, फूल कलते, माशी सुटते आणि दुसऱ्या कंदिलात जाते. जमिनीखाली बटाट्यासारखा कंद असतो. गुराखी तो उकरून खातात. दिवाळीनंतर वर काहीच उरत नाही. कंद पुढचे सात-आठ महिने मातीच्या दोन-चार बोटांच्या थरात गप्प पडून असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नकाशाचे काम पुण्याकडे आले. थिओडोर कुक हा आयरिश स्थापत्य अभियंता. बीबीसीआय रेल्वेसाठी वसईच्या खाडीवरच्या लोखंडी पुलाच्या कामात तो होता, नंतर पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, म्हणजे आजच्या सीओईपीचा, प्रमुख झाला. १८९० मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्था स्थापन झाली आणि पश्चिम भारताचा भार कुकवर आला. निवृत्तीनंतर तो लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात जाऊन बसला आणि १९०१ ते १९०८ या काळात ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ भागाभागाने प्रसिद्ध केला. आजही सह्याद्रीत काम करणारा अभ्यासक आधी कुक उघडतो. गणेशखिंडीच्या बागेचा प्रमुख जॉर्ज मार्शल वुड्रो हा त्याचा समकालीन. वुड्रोने स्टाफ या शास्त्रज्ञाबरोबर १८९४ मध्ये सोनघंटेचे शास्त्रीय वर्णन केले: सह्याद्रीच्या उतारांवरची, मोठ्या पिवळट-केशरी घंटांसारखी फुले असलेली ही झुडपी वनस्पती. तिचे नाव अब्युटिलॉन रानडेआय. रानडे हे त्या काळचे वनस्पतिसंग्राहक. पुण्याच्या शेतकी खात्यातल्या भिड्यांचे नाव तर एका गवताच्या संपूर्ण वंशाला मिळाले: भिडिया. देशी माणसांची नावे अशी हळूहळू कागदावर येऊ लागली.

कुकच्या पानांवर प्रत्येक जातीपुढे ठिकाणे दिलेली असतात. ती एकापुढे एक वाचत गेलो की एक गोष्ट ध्यानात येते. पश्चिम घाट तापीपासून कन्याकुमारीजवळपर्यंत सुमारे १६०० किलोमीटर पसरला आहे, पण त्याच्या दोन टोकांची प्रदेशनिष्ठा वेगळ्या घडणीची आहे. दक्षिणेला, केरळ-तमिळनाडूच्या डोंगरांत, पाऊस वर्षातून आठ-नऊ महिने थोडाथोडा पडतो. तिथे सदाहरित अरण्यातली मोठी झाडे प्रदेशनिष्ठ आहेत. उत्तरेला, गोव्याच्या वर, दख्खनचा काळा कातळ सुरू होतो. हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. इथे पाऊस चार महिने कोसळतो आणि आठ महिने टिपूस नाही. त्या आठ महिन्यांनी मोठ्या झाडांची निवड कठोर करून टाकली आणि मोकळ्या कातळावर लहान, चार महिन्यांत जन्मून, फुलून, बी किंवा कंद ठेवून निघून जाणाऱ्या वनस्पतींना राज्य दिले. आपली प्रदेशनिष्ठ संपत्ती गुडघ्याच्या खाली आहे. ती गवतात, तेरड्यात, गेंदात, कवल्यात, कंदिलात आहे. जंगल म्हणजे उंच झाडे असे मानणाऱ्या डोळ्याला ती दिसत नाही.

पठारांची उंच-सखल मांडणीही महत्त्वाची. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि घाट उतरून वाईला यावे तो हजाराच्या आत. एका पठारावरून दुसऱ्या पठारावर जायचे तर मध्ये खोल दरी, वेगळी माती, वेगळा पाऊस. पठारावरच्या लहान रोपट्याच्या दृष्टीने ती दरी म्हणजे समुद्र आणि पठार म्हणजे बेट. बेटावर अडकलेली जात हजारो वर्षांत शेजारच्या बेटावरच्या आपल्या भाऊबंदांपासून वेगळी होत जाते. म्हणून तर नावे अशी आहेत: पाचगणीची पांचगणिएन्सिस, खंडाळ्याची खंडालेन्सिस, कात्रजची कात्रजेन्सिस, साताऱ्याची सातारेन्सिस. सह्याद्रीच्या वनस्पतींची शास्त्रीय नावे वाचणे म्हणजे एसटीच्या थांब्यांची यादी वाचण्यासारखे आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या जेझुइट पाद्र्यांनी हे काम सांभाळले. स्विस फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांचा तरुण सहकारी चार्ल्स मॅकॅन यांनी गवतांवर ग्रंथ केला. पाचगणीच्या कंदीलपुष्पाला आणि पाचगणीच्याच दुधीला त्यांनी नाव दिले. नंतर आले स्पॅनिश फादर सांतापाऊ. त्यांनी खंडाळ्याचा घाट वर्षानुवर्षे पावसात पालथा घातला आणि खंडाळ्याच्या वनस्पतींवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. १९५४ मध्ये त्यांनी फर्नांडिस यांच्याबरोबर बोरिवलीच्या जंगलातल्या एका मुसळीचे वर्णन केले आणि तिला क्लोरोफायटम बोरिविलियानम नाव दिले. आज बाजारात जिला सफेद मुसळी म्हणून मोठा भाव आहे ती हीच. लोकलच्या एका स्थानकाचे नाव देशभरच्या औषधी व्यापारात फिरते आहे.

स्वातंत्र्यानंतर सर्वेक्षण संस्थेची नव्याने घडी बसली आणि डिसेंबर १९५५ मध्ये तिचे पश्चिम विभागाचे कार्यालय पुण्यात सुरू झाले. या कार्यालयातल्या तरुण शास्त्रज्ञांनी केलेले काम मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत रसाळ पर्व वाटते, आणि त्याबद्दल मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे. के. हेमाद्री यांनी जुन्नर आणि त्याच्या आसपासचा डोंगराळ मुलूख पिंजून काढला. तोच मुलूख, जिथे गिब्सनची हिवऱ्याची बाग होती. ढाकोबा आणि दुर्ग किल्ल्याकडच्या कातळावर त्यांना एक कंदीलपुष्प मिळाले; त्याला त्यांनी विभागाचे प्रमुख रोला शेषगिरी राव यांचे नाव दिले, सेरोपेजिया रोलाय. पुढे एम. वाय. अन्सारी यांच्याबरोबर त्यांनी आणखी एका कंदीलपुष्पाला पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ त्र्यं. शं. महाबळे यांचे नाव दिले. सातारा-महाबळेश्वरच्या पठारांवरच्या एका कवल्याला त्यांनी मालवणच्या शं. पु. आघारकरांचे नाव दिले. अन्सारींनी तर आपले आयुष्य कंदीलपुष्पांना वाहिले. सिंहगडाकडचे मॅकॅनी, कासकडचे जैनी, सह्याद्रिका, सांतापावी अशी नावे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकामागून एक शास्त्रात आणली आणि १९८४ मध्ये भारतातल्या सगळ्या कंदीलपुष्पांवर पुस्तिका काढली. आज भारतात या वंशाच्या पन्नासहून अधिक जाती ठाऊक आहेत, आणि त्यांतल्या बहुसंख्य भारताबाहेर नाहीत.

या जातींची ठिकाणे एका कागदावर मांडून पाहा. हरिश्चंद्रगडावर लॉवाय, हे कंदीलपुष्प वेल न होता ताठ उभे राहते. दुर्ग आणि ढाकोबावर रोलाय. सिंहगडाच्या परिसरात मॅकॅनी. शिवनेरी आणि पुरंदरच्या वज्रगडावर शिंदळमाकुडी. नाशिकजवळ अंजनेरीवर, ज्याची गोष्ट पुढे येतेच, अंजनेरिका. ही यादी कोणत्याही गिर्यारोहकाच्या वहीतली वाटेल. किल्ल्यांचा नकाशा आणि या वनस्पतींचा नकाशा इतका एकावर एक बसतो याला कारण आहे. किल्ला बांधणाऱ्याला माथ्यावर सपाटी हवी होती आणि चारही बाजूंनी तुटलेला कडा हवा होता, म्हणजे शत्रू वर येऊ नये. लाव्हाच्या थरांनी सह्याद्रीला नेमका हाच आकार दिला. ज्या कड्यावर शत्रू चढत नाही, त्यावर बकरीही चढत नाही, वणवाही सहसा पोचत नाही आणि नांगर तर नाहीच. तटापेक्षा कडा अधिक भरवशाचा, हे गडकऱ्यांना माहीत होते. वनस्पतींच्या बाबतीतही तेच खरे ठरले.

नकाशा पुरा झाला असे वाटत असतानाच २००६ उजाडले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांचे विद्यार्थी सह्याद्रीची कंदीलपुष्पे गोळा करून वाढवत होते. त्याच वर्षी दोन नव्या जाती बाहेर आल्या. एक अंजनेरीच्या माथ्यावरची. हनुमानाच्या आईच्या नावाच्या या डोंगरावर भाविक शतकानुशतके चढत आले आहेत आणि वाटेच्या कडेला ही लहानशी वनस्पती दर पावसाळ्यात फुलत आली आहे. मालपुरे, कांबळे आणि यादव यांनी तिला सेरोपेजिया अंजनेरिका म्हटले. दुसरी सिंधुदुर्गाच्या सड्यावरची. तिला दिल्लीचे वनस्पतिशास्त्रज्ञ मोहन राम यांचे नाव मिळाले. डाल्झेल ज्या किनाऱ्यावर जकात मोजत हिंडला, त्याच किनाऱ्यावर दीडशे वर्षांनी हे नवे फूल सापडले. अंजनेरीला २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. सिंधुदुर्गाच्या सड्याला तसा काही नाही.

साताऱ्याजवळचे कास पठार आता सगळ्यांना माहीत आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जागतिक वारशात घेतली, त्यांत महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. कासवर ८५० च्या आसपास वनस्पती नोंदल्या आहेत. जून-जुलैत सापकांदे आणि वायतुरा, ज्याचा फुलोरा इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभागलेला असतो. मग सीतेची आसवे आणि दवबिंदू, दोन्ही किडे पचवणाऱ्या, कारण कातळावरच्या चिमूटभर मातीत नत्र नाही. मग गेंद, तेरडा, सोनकी. दर पंधरवड्याला पठाराचा रंग बदलतो. लोक ते पाहायला येतात याचा मला आनंद आहे. पण कासच्या गर्दीत एक गैरसमज पक्का होतो की फुले फक्त कासला आहेत. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्यासाठी रस्ते झाले. कोल्हापुरात पठारांच्या माथ्यावरचा जांभा बॉक्साइटसाठी खणला गेला. खाण संपल्यावर तिथे झाडे लावतात आणि त्याला पुनर्वसन म्हणतात. पण त्या माथ्यावर कधीही झाडे नव्हती, तिथे कातळ होता, आणि खणलेला कातळ परत घालता येत नाही. याबाबत माझे मत ठाम आहे: उघड्या पठारावर झाडे लावणे हे त्या पठाराला मारणेच आहे, मग लावणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

कोकणात हे आणखी वेगाने होते आहे. सुरुंग लावून कातळ फोडायचा, खड्ड्यात बाहेरून माती आणून भरायची आणि हापूसची कलमे लावायची, ही रीत आता जुनी झाली. त्याशिवाय चिरेखाणी आहेत. कोकणातले घर चिऱ्याचेच असते, माझाही त्या घरांवर जीव आहे. पण एका यंत्राने एका हंगामात जेवढा सडा कापला जातो, तेवढा हाताने कापायला पूर्वी पिढी लागे. ग्लायफोक्लोआ नावाच्या गवताचा वंश भारतीय द्वीपकल्पाबाहेर नाही, आणि त्याच्या कितीतरी जाती कोकण-गोव्याच्या या जांभ्या सड्यांवरच आहेत. याच सड्यांवर आदिमानवाने कोरलेली कातळशिल्पे आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. म्हणजे ज्या दगडावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने हत्ती आणि मासे कोरले, त्याच दगडाच्या खळग्यांत जगात इतरत्र नसलेले गवत उगवते.

सरकारी दप्तरात या दगडाला वेगळेच नाव आहे. इंग्रजांच्या जमीन मोजणीने पिकाला निरुपयोगी जमीन वेगळी काढली आणि तिला पोटखराबा म्हटले. गिब्सन आणि डाल्झेल ज्या सरकारचे नोकर होते, त्याच सरकारच्या एका खात्याने कातळावरची फुले मोजली आणि दुसऱ्या खात्याने तोच कातळ खराब म्हणून लिहिला. फुलांची यादी ग्रंथालयात राहिली, खराब्याची नोंद तलाठ्याकडे राहिली, आणि व्यवहार नेहमी तलाठ्याकडच्या कागदावर होतो. कोकणातल्या कित्येक सड्यांच्या सातबाऱ्यावर आजही पोटखराबाच लिहिलेले आहे.

शिवनेरीचा कडा कोणाच्या सातबाऱ्यावर नाही, म्हणून शिंदळमाकुडीला आजवर थोडा आधार मिळाला. सड्याला मात्र मालक आहेत, आणि त्यांतले पुष्कळ मुंबई-ठाण्यात राहतात, गणपतीला आणि शिमग्याला गावी जातात. तुम्ही त्यांपैकी असाल, तर एक विनंती आहे. चिरेखाणीच्या किंवा कलमांच्या करारावर सही करण्याआधी एकदा जुलैत गावी या. संध्याकाळी पाऊस उघडला की आपल्या सड्यावर जा, आणि पाय ठेवण्याआधी खाली पाहा.